ऑपरेशन झालं, आता 'लाइट': नाशिकमध्ये रेडिएशनची तयारी कशी करावी

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा घरात सगळ्यांनी ऑपरेशनचाच धसका घेतला होता. ते पार पडलं, टाके निघाले, केमो संपली आणि डॉक्टर म्हणाले, "आता रेडिएशनचं प्लॅनिंग करू." रेडिएशन म्हणजे लोक ज्याला 'लाइट' म्हणतात ते. आम्हाला वाटलं, मशीनखाली झोपायचं आणि घरी यायचं. निफाडहून त्यांना आमच्याकडे सिडकोत आणलं, दिलेल्या तारखेला गेलो आणि तासाभरात तसेच परत आलो. वहिनींचा डावा हात कानापर्यंत जातच नव्हता. हात डोक्याच्या वर गेल्याशिवाय प्लॅनिंगचा सीटी, म्हणजे किरण कुठे द्यायचे ते ठरवायचा स्कॅन, करता येत नाही, हे आम्हाला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. व्यायाम करा आणि दोन आठवड्यांनी या, असं सांगून पाठवलं.

पुढे गावाकडच्या आणि ओळखीतल्या पाच-सहा जणींबरोबर मी त्याच बाकांवर बसले. मी डॉक्टर नाही. कुणाला रेडिएशन द्यायचं, किती द्यायचं, हे तुमचे डॉक्टरच ठरवणार. पण पहिल्या सिटिंगच्या (म्हणजे पहिल्यांदा मशीनखाली किरण घेण्याच्या) आधीच्या चार-पाच आठवड्यांत घरच्यांनी करण्यासारखं पुष्कळ असतं. ते वेळेत झालं तर बाईचे हाल निम्मे होतात. त्या दिवसांत काय करायचं ते इथे क्रमाने सांगते.

सगळ्यात आधी हात

काखेतल्या गाठी (लिम्फ नोड) काढल्या की खांदा आखडतो. दुखतं म्हणून बाई हात अंगाशी धरून ठेवते आणि घरचेही मायेने म्हणतात, "राहू दे, हात हलवू नकोस." नेमकं तेच नडतं. रेडिएशनच्या वेळी हात डोक्याच्या वर टेकवून स्थिर पडून राहावं लागतं, प्लॅनिंगच्या दिवशी आणि नंतर रोज. हात खाली असला तर तो किरणांच्या वाटेत येतो.

व्यायाम कधी सुरू करायचा हे सर्जनला किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा. जखमेतलं पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी असेपर्यंत हात साधारणपणे खांद्याच्या वर न्यायला सांगत नाहीत. बोटं, मनगट आणि कोपर मात्र पहिल्या दिवसापासून हलवतात. नळी निघाली की भिंतीचा व्यायाम सुरू होतो. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी पावलं टाकत हात वर वर चढवायचा. ताण बसला की थांबायचं, दोन श्वास घ्यायचे आणि हळू खाली यायचं. दिवसातून तीन वेळा, दर वेळी दहादा.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर वहिनींच्या पेन्सिलच्या खुणा अजून आहेत. पहिली खूण माझ्या खांद्याच्या जरा खाली आहे. रोज सकाळी चहाच्या आधी त्या हात लावायच्या आणि मी रेघ मारायची. काही दिवस रेघ जिथल्या तिथेच राहायची, एखाद्या दिवशी एकदम दोन बोटं वर जायची. अकराव्या दिवशी हात चौकटीच्या वरच्या पट्टीला लागला तेव्हा माझी सासू देवापाशी साखर ठेवून आली.

काही जणींना काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली ताणलेल्या दोरीसारखं काहीतरी लागतं. गाठ परत आली म्हणून घाबरू नका. काखेच्या ऑपरेशननंतर हे बऱ्याच जणींना होतं आणि फिजिओथेरपीने सुटतं. डॉक्टरांना मात्र दाखवून घ्या.

तयारी झाली की नाही, हे घरीच पाहता येतं. पलंगावर उताणं झोपा, दोन्ही हात डोक्यावर न्या आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं तशाच पडून राहा. जमलं तर सीटीच्या तारखेला बिनधास्त जा.

काखेत किंवा छातीवर पाणी साचून फुगवटा आला असेल, जखम कुठे ओली असेल, तर प्लॅनिंगच्या आधी सर्जनला दाखवा. सीटीच्या दिवशी छातीचा जो आकार असेल त्यावरच सगळं गणित बसतं. नंतर तो बदलला तर गणितही बदलतं.

फाइल

रेडिएशनचे डॉक्टर बहुतेक वेळा पेशंटला पहिल्यांदाच बघत असतात, त्यामुळे त्यांच्यासमोर सगळं कागदावरूनच उभं राहतं. ऑपरेशननंतरचा बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट सर्वांत महत्त्वाचा. गाठ किती सेंटिमीटरची, कापलेल्या भागाच्या कडा आजारापासून मोकळ्या आहेत का, काखेतल्या किती गाठी काढल्या आणि त्यातल्या कितींमध्ये आजार सापडला, ईआर, पीआर आणि हर-टू (पुढे कोणती औषधं लागू पडतील ते सांगणाऱ्या तपासण्या) काय आले, हे सगळं त्यात असतं. त्याखाली ऑपरेशनची नोंद, डिस्चार्ज कार्ड, आणि केमो झाली असेल तर कोणती औषधं कोणत्या तारखांना दिली तो कागद लावा.

आणि एक गोष्ट, जी हमखास घरी राहते: अगदी पहिले रिपोर्ट. ऑपरेशनच्या आधी केमो दिली असेल तर गाठ विरघळते आणि नंतरचा रिपोर्ट छान येतो. घरच्यांना वाटतं, आता जुने कागद कशाला? पण रेडिएशन लागणार की नाही, काखेला आणि गळ्याच्या हाडाच्या वरच्या भागाला द्यायचं की नाही, हे ठरवताना आजार सुरुवातीला किती होता हेही बघतात. पहिली मॅमोग्राफी, सोनोग्राफी, पेट स्कॅन, सगळं फाइलमध्ये सगळ्यात खाली ठेवा, पण ठेवाच.

काही गोष्टी कागदावर नसतात, त्या तोंडाने सांगाव्या लागतात. पूर्वी छातीला कधी रेडिएशन झालंय का, पेसमेकर आहे का, ल्युपस किंवा स्क्लेरोडर्मासारखा आजार आहे का, स्तनात इम्प्लांट बसवलंय का. आणि वय तसं असेल तर दिवस राहण्याची शक्यता आहे का. यातलं शेवटचं सासूसमोर विचारलं तर सून "नाही" म्हणून मोकळी होते. तिला डॉक्टरांशी पाच मिनिटं एकटीला बोलू द्या.

रेडिएशन कशासाठी, आणि किती दिवस

गाठ तर काढली, मग आता लाइट कशाला? हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. डोळ्यांना आणि सर्जनच्या बोटांना न दिसणाऱ्या पेशी मागे राहिल्या असतील तर त्या तिथेच संपवायच्या, एवढ्यासाठी. स्तन वाचवून फक्त गाठ काढली असेल तर रेडिएशन जवळपास नेहमीच लागतं. पूर्ण स्तन काढला असेल तर सगळ्यांना लागत नाही. गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असली, काखेतल्या गाठींमध्ये आजार असला, कातडीपर्यंत किंवा छातीच्या भिंतीपर्यंत पोचला असला, तर देतात. सत्तरीच्या आसपासची बाई, लहान गाठ, काख स्वच्छ आणि हार्मोनच्या गोळ्या चालू, अशा वेळी डॉक्टर कधी रेडिएशन टाळण्याचाही विचार करतात. म्हणून शेजारणीला दिलं आणि मला नाही, किंवा उलट, याची तुलना करत बसू नका.

केमो नसेल तर ऑपरेशननंतर साधारण महिना-दीड महिन्यात सुरू करतात, केमो असेल तर शेवटच्या डोसनंतर तीन-चार आठवड्यांनी. फार लांबवू नये. लग्नसराई आहे, द्राक्षाची काढणी आहे, ती उरकून बघू, असं म्हणत दोन-दोन महिने घालवलेले मी पाहिलेत. काढणी भाऊबंदांवर सोपवा.

सिटिंगच्या संख्येवरून फार गैरसमज होतात. पूर्वी ५० ग्रे हा डोस २५ सिटिंगमध्ये, म्हणजे पाच आठवड्यांत देत. ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप. आता पुष्कळ ठिकाणी ४० ग्रे १५ सिटिंगमध्ये, तीन आठवड्यांत देतात. रोजचा डोस थोडा जास्त, म्हणून दिवस कमी. ब्रिटनमध्ये यावर मोठा अभ्यास झाला, त्याचे १० वर्षांचे निकाल २०१३ मध्ये आले आणि लहान कोर्स कुठेही कमी पडला नाही. २०२० मध्ये तिथल्याच दुसऱ्या अभ्यासातून २६ ग्रे फक्त ५ सिटिंगमध्ये देण्याची पद्धतही पुढे आली. काही निवडक पेशंटना आता ती देतात. तेव्हा "तिला पंचवीस दिले, मला पंधराच, माझं काहीतरी कमी केलं" असं मनात आणू नका. स्तन वाचवला असेल तर बऱ्याचदा गाठीच्या जागेपुरते चार ते आठ सिटिंग वाढवतात, त्याला बूस्ट म्हणतात. बूस्ट आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा, म्हणजे मुक्कामाचे दिवस नीट धरता येतात.

जागा एकदाच ठरवा

नाशिकच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो मुंबईचा. टाटाला जायचं का? एकदा सल्ला घ्यायचा असेल तर जरूर जा. पण रेडिएशन म्हणजे सलग तीन आठवडे, सोमवार ते शुक्रवार, रोज. परळला राहायचं तर नाना पालकर स्मृती समिती किंवा दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा जागा आहेत, पण तिथे खोली मिळेपर्यंत वाट पाहावी लागते आणि सोबतच्या माणसाचं काम बुडतं ते वेगळंच. नाशिकमध्ये मुंबई नाक्याजवळ एचसीजी मानवता आहे, पेठ रोडला नामको आहे. स्तनाच्या नेहमीच्या रेडिएशनसाठी घर सोडून लांब जायची गरज बहुतेकींना नसते, असं माझं स्पष्ट मत आहे. घरचं जेवण आणि रात्री आपला पलंग, याचं मोल त्या दिवसांत कळतं.

ऑपरेशन एका ठिकाणी आणि रेडिएशन दुसऱ्या, हे चालतं. पण प्लॅनिंग एका ठिकाणी आणि सिटिंग दुसऱ्या, हे चालत नाही. ज्या मशीनवर देणार त्याच मशीनचं गणित मांडलेलं असतं, जागा बदलली की सीटीपासून सगळं पुन्हा. एका ताईंच्या घरी सीटी झाल्यावर मुलाने हॉस्पिटल बदलायचं ठरवलं, त्यात आठवडा गेला आणि पैसेही. काय चौकशी करायची ती आधीच करा.

सुरगाणा, पेठ, कळवण, नांदगावकडून येणाऱ्यांनी रोज ये-जा करायचा हट्ट धरू नये. दुसऱ्या आठवड्यापासून थकवा येतो. शहरात नातेवाईक असेल तर तिथे राहा, नाहीतर हॉस्पिटलच्या जवळपास खोली बघा. निफाड, सिन्नर, दिंडोरीहून ये-जा जमते. फक्त वेळ अकरानंतरची मागून घ्या, म्हणजे सकाळी द्वारका चौकाच्या गर्दीत अडकायला नको. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच. रेल्वेतही कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला सवलत मिळते. तिचा छापील नमुना हॉस्पिटलमधून भरून घ्यावा लागतो.

पैशाचा कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं रेडिएशन बसतं. एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. हॉस्पिटल योजनेत असलं तर तिथे आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि सगळे रिपोर्ट घेऊन प्लॅनिंगच्या तारखेच्या आधी त्याला भेटा, कारण मंजुरी यायला वेळ लागतो. त्याला दोन गोष्टी विचारा. हे हॉस्पिटल योजनेत रेडिएशनसाठीही आहे का? आणि ऑपरेशन-केमोला वापरून यंदाच्या रकमेतले किती उरलेत? रेशनकार्डावर बाईचं नाव माहेरचं, आधारवर सासरचं, असं असेल तर ते आजच दुरुस्तीला टाका. अडचण आली तर योजनेची हेल्पलाइन १५५३८८ आहे.

'महागडं तंत्र घ्या' असं कुणी सुचवलं तर घाबरून हो म्हणू नका. माझ्या पेशंटसाठी त्याचा नेमका फायदा काय, असं सरळ विचारा. छातीचा आकार, डावी बाजू, गळ्याकडच्या गाठी यांमुळे कधी आयएमआरटीची (किरणांचा जोर जागोजागी कमी-जास्त करणाऱ्या तंत्राची) खरंच गरज असते. कधी साधं थ्रीडी प्लॅनिंगही तितकंच चांगलं होतं.

प्लॅनिंगचा सीटी

त्या दिवशी जेवून-खाऊन जा, बहुतेक वेळा उपाशी राहावं लागत नाही. पुढून बटणं असलेला सैल ब्लाउज किंवा कुर्ता घाला. गळ्यातलं सगळं काढावं लागतं. मंगळसूत्र काढताना वहिनींचा हात थांबला. मग त्यांनी ते रुमालात बांधून माझ्याकडे दिलं, आणि पुढे रोज तसंच चाललं. आत जाताना रुमाल माझ्या मुठीत, बाहेर आल्या की त्यांच्या गळ्यात. हे आधीच ठरवून ठेवा, ऐन दारात गडबड होत नाही.

आत उतरत्या फळीवर झोपवतात, हात डोक्यावरच्या आधारावर टेकवतात. खोली थंडगार असते आणि कमरेच्या वर अंगावर काही नसतं. संकोच वाटतो. बाई स्टाफ असेल तर बरं वाटेल, असं सांगायला लाजू नका. व्रणावर बारीक तारा चिकटवतात, भिंतींवरून लेझरच्या रेघा अंगावर पडतात. सीटी स्वतः काही मिनिटांचा, पण मांडणीला अर्धा तास जातो. या सीटीचा रिपोर्ट मिळत नाही, तो आजार शोधायला केलेला नसतो.

मग खुणा. बऱ्याच ठिकाणी शाईचा थेंब टेकवून सुईने टोचतात. गोंदण करतात तसंच, पण तिळाएवढं. अशा तीन-चार खुणा कायमच्या राहतात. वहिनी म्हणाल्या, "लहानपणी हनुवटीवर गोंदून घेतलं तेव्हा यापेक्षा जास्त दुखलं होतं." काही ठिकाणी पेनाने खुणा करतात. त्या पुसू द्यायच्या नाहीत, पुसट झाल्या तर घरी गिरवायच्याही नाहीत, तिथल्याच लोकांना सांगायचं.

डावी बाजू असेल तर श्वास रोखायची पद्धत वापरतात का, हे नक्की विचारा. खोल श्वास घेतला की फुफ्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकतं. तेवढ्या वेळात किरण सोडले तर हृदयाला कमी लागतात. वीसेक सेकंद श्वास धरता यायला हवा. आठवडाभर आधी रोज झोपून सराव करा. छातीने श्वास घ्या, खांदे उचलू नका, पाठ फळीवरून सुटू देऊ नका. आम्ही देवघरातली घंटा हातात घेऊन मोजायचो, वीस झाले की मी वाजवायची. पहिल्या दिवशी आठावरच सुटला होता.

मधले दिवस

सीटी झाला की लगेच सिटिंग सुरू होत नाही. काही दिवस, कधी आठवडाही जातो आणि घरात कुरबुर सुरू होते, हॉस्पिटल टोलवतंय म्हणून. त्या दिवसांत खरं काम चाललेलं असतं. डॉक्टर सीटीच्या एकेका चकतीवर रेघ मारून दाखवतात की किरण इथे हवेत, आणि हृदय, फुफ्फुस, पलीकडचा स्तन इथे आहे. मग फिजिसिस्ट किरणांचे कोन मांडतो. ते छातीला चाटून तिरपे जातील, आत कमीत कमी उतरतील, असे. डॉक्टर ते तपासतात, मशीनवर पडताळणी होते, मग फोन येतो.

या काळात मिश्री आणि तंबाखू बंद करा. गावाकडे बायका मिश्रीला व्यसन मानत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते. साखर असेल तर आटोक्यात आणा. कुणी काढा किंवा चूर्ण दिलं असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका. हार्मोनची गोळी किंवा हर-टूचं इंजेक्शन चालू असेल तर ते रेडिएशनच्या काळात चालू ठेवायचं का, हे विचारून लिहून घ्या.

सिटिंग

पहिल्या दिवशी पडताळणीचे फोटो घेतात म्हणून वेळ लागतो. नंतर दहा-पंधरा मिनिटांत बाहेर. मशीन अंगाभोवती फिरतं, गुणगुणल्यासारखा आवाज येतो, काही जाणवत नाही. खोलीत एकटीच असते, पण बाहेरून कॅमेऱ्यात दिसते आणि बोललेलं ऐकू जातं. खोकला आला तर तसं सांगायचं, अंग हलवायचं नाही. पाळी आली तरी सिटिंग चुकवायचं नाही.

अंगातून किरण घरी येत नाहीत. नातवाला मांडीवर घ्या, एका ताटात जेवा, स्वयंपाक करा. वेगळी भांडी, वेगळी खोली करून ठेवलेल्या बाईचा चेहरा मी पाहिलाय. ते करू नका. या रेडिएशनने डोक्याचे केसही जात नाहीत.

आपल्याकडे याला 'शेक' म्हणतात, त्यामुळे एक घोटाळा होतो. एका मावशींनी रात्री दुखतंय म्हणून त्याच जागी गरम पाण्याची पिशवी धरली आणि कातडी सोलवटली. शेकायचं नाही, बर्फही लावायचा नाही. कोमट पाणी, सौम्य साबण, टॉवेलने हलकेच टिपायचं. हळद-चंदनाचा लेप नाही, पावडर नाही, बाम नाही. सिटिंगच्या आधी कुठलंही मलम फासून जायचं नाही. स्तनाखालच्या घडीत घाम साचू नये म्हणून जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा ठेवा. उन्हात पदर घ्या. रंगपंचमी मध्ये आली तर रहाडीच्या (रंगाच्या हौदाच्या) रंगापासून त्या वर्षी लांबच राहा.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कातडी लाल, काळपट होते. गळ्याकडे किरण असतील तर गिळताना खवखवतं. फोड आला, पाणी सुटलं, ताप आला, तर आठवड्याच्या तपासणीची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

शेवटच्या सिटिंगनंतर

कातडीचा त्रास कोर्स संपल्यावर आठ-पंधरा दिवस उलट वाढतो, मग उतरतो. संपलं म्हणून काळजी सोडू नका. हाताचा व्यायाम पुढे चालूच ठेवायचा, रेडिएशननंतरही खांदा आखडतो. हात जड वाटला, बांगडी घट्ट व्हायला लागली, तर सूज दिसायची वाट न बघता फिजिओकडे जा. शेतात जाताना त्या हाताला जपा, काटा-कात्रीची जखम झाली तर लगेच धुवा. कोरडा खोकला किंवा धाप पुढच्या काही महिन्यांत आली तर गावातल्या डॉक्टरला सांगा की छातीला रेडिएशन झालंय.

आणि हॉस्पिटल सोडण्याआधी एक कागद मागून घ्या: कोणत्या भागाला, किती ग्रे, किती सिटिंगमध्ये, कोणत्या तारखांना. वहिनींनी तो रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. पुढच्या मॅमोग्राफीची तारीख त्यावरच पेनाने लिहून ठेवली आहे.